उच्चारशास्त्र घ्यावं की लेखनकौशल्य?

नागपुरात बी. ए. इंग्रजी करणाऱ्या पोरांना हा प्रश्न हमखास पडतो. उच्चारशास्त्रात प्रमाण ब्रिटिश इंग्रजीचे ४४ ध्वनी शिकवतात: २० स्वर, २४ व्यंजनं. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम की बनियन, हे आपला एकुलता 'व' सांगूच शकत नाही. इंग्रजीत तिथे दोन वेगळे ध्वनी आहेत. कान तयार होतो, पण नुसतं पुस्तक वाचून जीभ वळत नाही. हेल नागपुरीच राहील. राहू द्या की बाप्पा!

लेखनकौशल्य कंटाळवाणं, मान्य. पण मराठीत इंग्रजीतल्या 'अ' (a), 'द' (the) यांसारखी उपपदं नाहीत, म्हणून आपण नेमके तिथेच घसरतो, अगदी एम. ए.पर्यंत. परिच्छेद लिहायचा, लाल शाईनं खोडून घ्यायचा, पुन्हा लिहायचा. वह्या खरंच तपासणारे शिक्षक असतील, तर मी लेखनच घेईन. नसतील, तर उच्चार.