सांगलीत रोबो लॉनमोअरची बॅटरी बदलली : पाच सेल, दोन फेऱ्या आणि राहिलेलं गॅस्केट

विश्रामबागला आमच्या घरापुढं साधारण दोन गुंठे लॉन आहे, सिलेक्शन वन गवत, अण्णांनी रिटायर झाल्यावर स्वतः लावलेलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मशीन ढकलणं बंद झालं म्हणून जर्मनीतल्या भावानं येताना सामानातून हा रोबो मोअर, म्हणजे आपला आपण फिरून गवत कापणारं मशीन, आणला. चार वर्षं मस्त चालला. यंदा जूनमध्ये पाऊस लागला, गवत जोर धरायला लागलं आणि नेमका तेव्हाच हा दमायला लागला. आधी एका चार्जिंगवर तासभर आरामात फिरायचा तो पंधरा मिनिटांत परत चार्जिंग स्टेशनकडं, नंतर नंतर तर स्टेशनपर्यंत पण पोचेना, लॉनच्या मधोमध बंद पडायचा आणि अण्णा काठी टेकत ओल्या गवतातनं त्याला उचलून आणायला जायचे. ते मला बघवेना. म्हणून या बॅटरीच्या मागं लागले, आणि आता काम झालंय तर सगळं लिहून ठेवते, अजून कुणाकडं असं मशीन असेल तर उपयोग होईल.

कंपनीच्या सर्व्हिसला विचारलं तर बॅटरी चौदा हजार आणि यायला दीड-दोन महिने. उशीर का, तर नुसती लिथियम बॅटरी प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला २०१६ पासून बंदी आहे, त्यामुळं ती वेगळ्या वाटेनं फिरत येते. भाऊ हातातल्या बॅगेतनं आणू शकला असता, १८ व्होल्ट गुणिले अडीच अँपिअर-अवर म्हणजे ४५ वॅट-अवर होतात आणि १०० पर्यंत चालतं, पण तो येणार डिसेंबरात. तोवर लॉनचं रान झालं असतं. मग मी ऑनलाइन एक तयार पॅक मागवला, त्यावर ६००० एमएएच (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) लिहिलेलं, साडेतीन हजार गेले आणि तो जुन्या बॅटरीपेक्षा पण कमी चालला. ते प्रकरण पुढं सांगते.

शेवटी बॅटरीचे पॅक नवे करून देणाऱ्या एका दुकानात गेले, ते सांगली-मिरज रोडवर आहे, विश्रामबागकडनं मिरजेकडं जाताना. शेजारच्या काकांनी सांगितलं, ते फवारणी पंपाची बॅटरी तिथंच करून घेतात. बाहेर कायम तासगावकडच्या द्राक्षवाल्यांचे पंप, ड्रिल मशीनच्या बॅटऱ्या, ई-स्कूटरचे पॅक पडलेले असतात. दुकान छोटं, गाडी लावायला जागा नाही, फोन पाच वेळा केला की एकदा उचलतात. मी मोअर घेऊन गेले तर त्यांनी उलटा केला, चार्जिंगच्या पितळी पट्ट्यांवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, ह्या पट्ट्या काळ्या पडल्यात बगा. आदी बारीक पॉलिश पेपरनं घासा, पाती बदला, चाकातलं गवत काढा आणि दोन दिवस चालवा की. मग नाय जमलं तर या." पैसे काही घेतले नाहीत. मला तिथंच खात्री वाटली. बॅटरी विकायची घाई असलेला माणूस असं घरी पाठवत नाही.

आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पट्ट्यांवर ऑक्साइडचा थर बसला की चार्जिंग पूर्ण होत नाही, पाती बोथट झाली की मोटर जास्त करंट ओढते, ओलं गवत खाली चिकटलं की अजून जास्त, आणि बाहेरनं बघणाऱ्याला सगळं "बॅटरी गेली" असंच दिसतं. मी सगळं केलं. पंधराची वीस मिनिटं झाली, त्याच्या वर जाईना. मग परत गेले.

या खेपेला त्यांनी माझ्यासमोर उघडला. आधी मेन स्विच बंद, पाती काढून बाजूला, मग खालचे स्टार स्क्रू. पॅक बाहेर काढताना वायर न ओढता कनेक्टर धरून ओढला, हे मी मुद्दाम बघितलं कारण घरी स्वतः करणारे तिथंच चुकतात. आत १८६५० चे पाच सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, एकामागं एक सिरीजमध्ये जोडलेले. एकेकाचं व्होल्टेज मोजलं. चार सेल ३.९ च्या आसपास आणि एक ३.२. लोड लावला तर तो एकटा धाडकन खाली आला, अडीचच्या पण खाली, आणि बीएमएसनं म्हणजे आतल्या सर्किटनं सगळा पॅकच तोडला. म्हणजे उरलेल्या चार सेलमध्ये दम असून उपयोग नाही, एक बसला की गाडी तिथंच थांबते. मी विचारलं मग तो एकच बदलू का, तर म्हणाले नको, नवा आणि चार वर्षं वापरलेले एकत्र चालत नाहीत, जुना प्रत्येक वेळी आधी रिकामा होणार आणि तुम्ही सहा महिन्यांत परत इथं.

मग मी तो ऑनलाइनवाला पॅक काढून दिला. त्यांनी स्लीव्ह फाडलं, एक सेल सोन्याचांदीच्या दुकानात असतो तसल्या छोट्या काट्यावर ठेवला आणि शेजारी आपल्याकडचा चांगला सेल. चांगला ४५ ग्रॅमच्या आसपास, हा ३१. "वजनातच माल नाय तर करंट कुठनं येणार?" एवढंच बोलले. या साइजच्या सेलमध्ये आजच्या घडीला साडेतीन हजार एमएएचच्या थोडं इकडं-तिकडं बसतं, त्यावर कुणी ६०००, ९९०० लिहीत असेल तर सरळ खोटं आहे, आणि एका ओळीतल्या पाच सेलच्या पॅकची कॅपॅसिटी एका सेलएवढीच असते. हे मला आधी माहीत असतं तर साडेतीन हजार वाचले असते, म्हणून इथं ठळक सांगते. शिवाय त्या पॅकला दोनच वायर होत्या. आमच्या मोअरला तीन लागतात, तिसरी वायर टेंपरेचर सेन्सरची, ती नसेल तर मशीनला बॅटरी किती तापलीय ते कळतच नाही. विकणाऱ्यानं मोकळ्या पिनवर फिक्स रेझिस्टर मारून मशीनला फसवलेलं होतं. हे मला फार लागलं. सकाळी अण्णा त्याच्या बाजूला खुर्ची टाकून बसतात आणि आत असली बॅटरी.

दुकानात सॅमसंगचे २५०० एमएएचचे सेल वापरले, जास्त करंट देणारे. नुसती कॅपॅसिटी बघून सेल घ्यायचा नाही, ओल्या गवतात मोटर ओढते तेव्हा तेवढा करंट देता आला पाहिजे. मंगळवारी दिला आणि शुक्रवारी मिळाला, कारण प्रत्येक सेल पूर्ण चार्ज करून डिस्चार्ज करून मोजला. पाचही २४०० च्या वर आले, तो कागद मला दिला. पाचही सेल एका व्होल्टेजला आणल्यावर मगच जोडले. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगनं लावली, सोल्डरिंग गननं नाही, कारण सेलवर थेट सोल्डर केलं की आत उष्णता जाऊन सेल खराब होतो. प्लसच्या टोकावर शॉर्ट होऊ नये म्हणून बार्ली पेपरच्या चकत्या, जुनंच सर्किट आणि जुनाच टेंपरेचर सेन्सर आपल्या जागी सेलला चिकटवलेला, वरनं निळं स्लीव्ह. पूर्ण चार्जला मीटर २०.९ दाखवत होता, पाच गुणिले ४.२ म्हणजे २१ व्हायला पाहिजेत, तर एकदम योग्य. एकूण २६०० रुपये घेतले, सेलचे आणि मजुरीचे वेगवेगळे लिहून. वॉरंटी सहा महिने, हातानं लिहिलेल्या पावतीवर. वर्षाची द्यायला पाहिजे होती असं माझं मत, ते मी त्यांना बोलले पण.

खरी तक्रार एकच, गॅस्केटची. मशीनच्या दोन भागांमध्ये रबराची पट्टी असते, ती चार वर्षांत कडक होते आणि एकदा उघडलं की परत तशी बसत नाही, पाणी आत जातं. ती त्यांच्याकडं नव्हती. खरं तर पाण्याचं त्यांच्याएवढं कुणाला कळत नसेल, २०१९ च्या पुरानंतर लोकांचे इन्व्हर्टर आणि पंपांचे बोर्ड त्यांनी महिनोन्महिने वाळवून चालू केलेत, तर मोअर उघडायच्या आधीच मला गॅस्केट मागवून ठेवायला सांगायला पाहिजे होतं. तात्पुरतं सिलिकॉन लावून दिलं आणि बजावलं की गॅस्केट बसेपर्यंत पावसात सोडायचा नाही, पाइपनं धुवायचा तर कधीच नाही. त्यामुळं तीन आठवडे आम्ही पाऊस बघून त्याला आत-बाहेर करतोय. तुम्ही करणार असाल तर गॅस्केट आधी मागवा, मग मशीन उघडा.

बॅटरी चारच वर्षांत का गेली हे पण त्यांनी सांगितलं आणि त्यात चूक आमची निघाली. चार्जिंग स्टेशनवर आम्ही पावसासाठी पत्र्याचं छप्पर केलेलं. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीच्या पुढं जातो, त्या पत्र्याखाली मोअर फुल्ल चार्ज होऊन दिवसभर उभा. लिथियम सेलला याच्यापेक्षा वाईट काही नाही, ऊन आणि भरलेलं पोट एकत्र. ४५ डिग्रीच्या वर तर बहुतेक सेल चार्जच करायचे नसतात. आता पत्रा काढून स्टेशन आंब्याच्या सावलीत हलवलंय, वर शेडनेट. उन्हाळ्यात गवत वाढत नसेल तेव्हा निम्मा चार्ज ठेवून मेन स्विच बंद करून घरात ठेवायचा ठरलंय.

जुने सेल त्यांनी ठेवून घेतले, टोकांना टेप लावून वेगळ्या डब्यात. ते कचऱ्याच्या गाडीत टाकायचे नसतात, २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे रिसायकलिंगलाच जायला पाहिजेत. तो बनावट पॅक पण त्यांच्याकडंच दिला.

सध्या एका चार्जिंगवर सत्तर मिनिटं फिरतो, नवा होता तेव्हापेक्षा थोडा जास्तच, आणि आपला आपण स्टेशनवर जाऊन लागतो. अण्णांना उठावं लागत नाही. गॅस्केट परवा आलंय, रविवारी बसवायला घेऊन जाणार आहे, तेव्हा पाचही सेल परत एकदा मोजून देतो म्हणालेत, पैसे न घेता.