कीर्तनाच्या जुन्या कॅसेट आणि ऑडॅसिटी : काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या गावच्या देवळात १९८० च्या दशकात मुद्रित झालेली कीर्तने कॅसेटवरून संगणकावर उतरवण्यासाठी गेले काही महिने मी ऑडॅसिटी वापरते आहे. हे सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत असून कापणे, जोडणे, आवाजाची पातळी सारखी करणे ही नेहमीची कामे ते चोख करते. मला मात्र ते मोलाचे वाटते ते त्यातील स्पेक्ट्रोग्राममुळे, म्हणजे कोणत्या क्षणी कोणती वारंवारता किती जोरात आहे हे दाखवणाऱ्या चित्रामुळे.

एका कॅसेटवर सतत हमिंग (घूं घूं असा खालचा आवाज) होते. आपल्याकडे विजेचे हमिंग ५० हर्ट्झवर आणि त्याच्या पटींत दिसते. इथे ती रेघ ५२ च्या आसपास, किंचित नागमोडी होती. आता वाजवताना ते केबलमधून शिरले असते, तर रेघ ५० वर सरळ दिसली असती. म्हणजे हमिंग मूळ मुद्रणातलेच होते आणि टेप जास्त वेगाने वाजत होती. अर्थात त्या काळी विजेची वारंवारता बरीच खालीवर होत असे, म्हणून तेवढ्यावर विसंबले नाही. बुवा काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) गात हे त्यांच्या साथीदारांकडून ठाऊक होते. पेटीचा षड्ज पाहिला, तर तो २७७ ऐवजी २८८ हर्ट्झवर निघाला. हमिंग आणि षड्ज, दोन्हींत फरक चार टक्क्यांचाच होता. गती ३.८५ टक्क्यांनी कमी करताच बुवांचा आवाज पुन्हा भरदार झाला.

इतके बारीक पाहायचे, तर विंडोचा, म्हणजे स्पेक्ट्रोग्राम एका वेळी तपासतो त्या तुकड्याचा, आकार ३२७६८ नमुने ठेवावा लागतो. ४४१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला घेतलेल्या नमुन्यांच्या संख्येला) त्यातून सुमारे १.३५ हर्ट्झचा फरक दिसतो, पण प्रत्येक विंडो जवळजवळ पाऊण सेकंदाची असल्याने झांजेचे ठोके एकमेकांत मिसळतात. त्यांच्यासाठी १०२४ वर यावे लागते.

नॉइज रिडक्शन, म्हणजे खरखर कमी करणारा इफेक्ट, जपून वापरावे. निव्वळ खरखरीचा तुकडा निवडून त्याचा प्रोफाइल (खरखरीचा नमुना) घेतल्यावर १२ डेसिबलची कपात केली, तेव्हा खरखर गेली, पण झांजेची झळाळीही गेली आणि शब्दांच्या शेवटी पाण्याखालून आल्यासारखा आवाज राहिला. ६ डेसिबलवर थोडी खरखर उरते, तरी अभंगाचा शब्द स्पष्ट ऐकू येतो, आणि मला तेच पसंत आहे. हा इफेक्ट इतर काही इफेक्टप्रमाणे वाजत असताना बदलता येत नाही, आणि प्रोजेक्ट बंद केल्यावर पूर्ववत करण्याचा इतिहासही उरत नाही. त्यामुळे मूळ वेव्ह फाइलची प्रत प्रत्येक वेळी वेगळी ठेवावी.