एअर गादी, आठ महिने : घुंघुं आवाजासकट

काल रात्री गादीत हवा भरणारा पंप परत सुरू झाला आणि पाच दिवसांनी पहिल्यांदा सलग चार तास झोपले, म्हणून आज लिहायला बसलेय. शिमग्याच्या आधी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली, तेव्हा पडून पडून अंगाला जखमा (बेडसोअर) होऊ नयेत म्हणून ही बबलवाली गादी ऑनलाईन मागवली, अडीच हजाराच्या आतबाहेर. दर दहा मिनिटांनी एका ओळीतले फुगे फुगतात, दुसऱ्या ओळीतले बसतात वगैरे सगळ्यांना माहितीय, ते लिहीत नाही.

मी आवाजाबद्दल लिहिणार. बॉक्सवर लिहिलंय एकदम सायलेंट. डोंबल! रात्री दहानंतर आमच्या चिऱ्याच्या घरात समुद्राची गाज सोडली तर काही ऐकू येत नाही, तिथे हा पंप घुंsss करत बसतो. लाईट गेली की इन्व्हर्टरवर (आमचा जुना, स्क्वेअर वेव्हचा) त्याचा दुप्पट गुरगुराट. आणि पावसाळ्यात लाईट किती जाते ते कोकणातल्यांना सांगायला नको. पहिले दोन महिने मी एक तारा द्यायच्या विचारात होते, पंपाखाली पायपुसणं घातलं, उशी घातली, शेवटी पलंगाच्या पायाला सुतळीने टांगला तेव्हा जरा कमी झाला.

मग गणपतीत मुंबईहून दीर आले. म्हणाले वहिनी आज तुम्ही माजघरात झोपा, मी आहे आईजवळ. मला बरंच वाटलं. रात्री तीनला दचकून जागी झाले, कशाने तर आवाज नव्हता म्हणून! जाऊन बघते तर भाऊजी घोरतायत आणि पंपाचा प्लग काढून ठेवलेला, "झोपच लागत नव्हती हो." गादी पार पापड झालेली. माकडहाडाशी लाल डाग, बोटाने दाबला तरी पांढरा पडेना. म्हणजे बेडसोअरची सुरुवातच. चोळायचं नाही हे डॉक्टरांनी आधी बजावलं होतं म्हणून हात लावला नाही, नुसतं कुशीवर ठेवलं, त्या जागेवर दोन दिवस भारच दिला नाही, तेव्हा गेला. तेव्हापासून त्या घुंघुंबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या झोपेतसुद्धा कान तिकडेच असतो.

आता भांडण. गेल्या शुक्रवारी पंप बंद. वॉरंटी एक वर्ष. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे पंप स्वखर्चाने कुरियर करा, पंधरा दिवसांत बघून सांगतो. मी म्हटलं पंधरा दिवस आईंना कुठे ठेवू, पडवीच्या वाशाला टांगू? त्यावर तक्रारीचा तिकिट नंबर दिला. ते चार दिवस साध्या गादीवर, रात्रीसुद्धा दर दोन तासांनी अलार्म लावून कूस बदलली (गादी चालू असतानाही दिवसा बदलतेच, रात्री मात्र डॉक्टरांनी कातडी बघून चार तास चालतील म्हटलंय). माझी कंबर कामातून गेली. ह्यांनी मदत केली, पण ह्यांना अलार्म ऐकू येत नाही, मला ऐकू येतो, असं कसं ते एकदा कोणीतरी सांगा.

शेवटी ह्यांनीच पंप रत्नागिरीला फिश टँकच्या दुकानात नेला. त्याने उघडून दाखवलं, आत हलणारं लोहचुंबक आणि रबराचा पडदा, माशांच्या पंपात असतो तस्साच. पडदा फाटलेला. ऐंशी रुपये घेतले, दहा मिनिटांचं काम. अडीच हजाराच्या वस्तूचा जीव ऐंशी रुपयांच्या रबरात! स्क्रू मात्र खाऱ्या हवेने गंजून गेलेत, ते त्याने बदलून दिले.

घेणाऱ्यांसाठी : वर गोधडी घालू नका, एक पातळ सुती चादरच, मी आईंच्या जुन्या लुगड्याची केलीय. हवा पुरेशी आहे का ते बघायला आईंच्या कंबरेखाली गादीच्या तळाशी हात सरकवते, हाड हाताला लागलं तर हवा कमी. टाचांना नुसती गादी पुरत नाही, पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्या लागतात. शेजारच्या काकूंनी रबरी रिंग आणून दिली होती, डॉक्टरांनी वापरू नका सांगितलं, कडेने रक्त अडतं. आणि उंदरांपासून नळ्या सांभाळा. भात कापणीला आलं की ते घरात घुसतात, आमची एक नळी कुरतडून झालीय.

आईंना विचारलं, गादी कशी वाटते. बोलणं अजून जडच आहे, बराच वेळ लावून म्हणाल्या, "खालून कोण तरी श्वास घेतंय गो." आवडतं की नाही ते काही कळलं नाही.

चार तारे. एक तारा त्या तिकिट नंबरासाठी कापला, त्यावर अजून कोणी फोन केलेला नाही. दिवाळीत भाऊजी परत येतायत, त्यांच्यासाठी कानात घालायला कापूस आणून ठेवलाय.