चहा, प्रश्न आणि उणे १९६ अंश : ‘चाय अँड व्हाय?’चा अनुभव

कुलाब्याच्या नेव्हीनगरातील टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे आपली टीआयएफआर, मुंबईकरांच्या ऐकण्यात असते. पण १९४५ मध्ये होमी भाभांनी स्थापन केलेली आणि आज अभिमत विद्यापीठाचा दर्जा असलेली ही संस्था सहज जाता जाता डोकावून यावे अशी जागा नव्हे. म्हणूनच २००९ पासून ती स्वतः शहरात येते, याचे मोल मला फार वाटते. रविवारी सकाळी अकरा वाजता, कधी जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये तर कधी माटुंग्याच्या रुपारेल महाविद्यालयात, ‘चाय अँड व्हाय?’ हा विज्ञानगप्पांचा कार्यक्रम होतो. मी परळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि आठवीच्या नऊ मुलांना घेऊन रुपारेलला गेले होते.

विषय अतिशीत तापमानाचा होता. द्रव नायट्रोजनचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस असते, हे मी फळ्यावर अनेकदा लिहिले आहे. मात्र फुगवलेला फुगा त्यात बुडवताच सुरकुतून चपटा झाला, तेव्हा माझ्या मुलांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. ‘हवा कुठे गेली?’ असे एकाने विचारले. संशोधक ताईंनी उत्तर दिले नाही. तो फुगा उजेडासमोर धरला आणि तळाशी डुचमळणारे चमचाभर द्रव मुलांनाच शोधू दिले. ती हवाच होती. बाहेर काढल्यावर फुगा करकरत पुन्हा फुगला. भांड्यातून उतू जाणारा पांढरा धूर नायट्रोजनचा असावा, असे सगळ्यांनी धरून चालले होते. नायट्रोजन वायू दिसत नाही, तो धूर म्हणजे हवेतल्याच बाष्पाचे सूक्ष्म थेंब, आणि मुंबईच्या दमट हवेत तो विशेष दाट दिसतो, हा खुलासा माझ्याही कायमचा लक्षात राहील.

मला सर्वांत भावले ते मदतीला आलेले पीएचडीचे विद्यार्थी. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत मुले पाठ केलेला मजकूर घडाघडा म्हणतात आणि मधेच कोणी काही विचारले की गोंधळतात. इथे स्वतः प्रयोगशाळेत दिवस काढणारे तरुण तेरा वर्षांच्या मुलाशी बरोबरीच्या नात्याने वाद घालत होते, कारण हा विषय त्यांच्या रोजच्या कामाचा होता. संशोधन करणाऱ्यानेच ते लोकांना सांगावे, असा माझा आग्रह यानंतर अधिकच पक्का झाला आहे.

कार्यक्रमाला शुल्क नसते. मुले लहान असतील तर थोडे लवकर जाऊन पुढे बसावे, आणि विषय व भाषा आधी पाहून ठेवावी. रुपारेल माटुंगा रोड स्थानकाला लागूनच आहे, त्यामुळे मुलांना नेणे सोपे जाते.

जमिनीवर सांडलेले नायट्रोजनचे थेंब गोळ्यांसारखे पळत होते. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो तसेच हे, खाली तयार झालेल्या वाफेच्या थरावर तो तरंगतो, असे तिथे सांगितले गेले. सोमवारी एक मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. आईच्या तव्यावर तिने थेंब टाकून पाहिले होते : तवा बेताचा तापलेला असताना थेंब चुर्र होऊन लगेच उडाला, आणि खूप तापल्यावर उलट जास्त वेळ टिकला. सेकंद तिने मोजून लिहिले होते.