डोअर पॅड: रंगवायचं, मढवायचं की दुसरं आणायचं?

दहा-पंधरा वर्षं जुनी दोन दरवाजांची गाडी हौसेनं घेतली, की इंजिनाचं कौतुक ओसरल्यावर नजर जाते ती दरवाजाच्या आतल्या आवरणाकडं, म्हणजे डोअर पॅडकडं. कोपर टेकतो तिथला रंग उडालेला, काचेच्या कडेला कव्हर सुटून वर आलेलं, हँडलजवळचं प्लॅस्टिक बोटाला चिकटणारं. स्पोर्ट्स कारमध्ये हे जास्तच होतं. बैठक खाली असते, त्यामुळे उठता-बसता सगळा भार दारावर. शिवाय बऱ्याच गाड्यांत काचेला वरून चौकट नसते. पावसात दार उघडलं की छतावरचं पाणी थेट पॅडवर. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर याची काय कमी!

दुरुस्तीला निघालात की तीन सल्ले मिळतात. डेंटिंग-पेंटिंगवाला म्हणतो रंगवून टाकू, सीटकव्हरवाला म्हणतो नवं मढवू, आणि गाडीवेडा मित्र म्हणतो अख्खं ओरिजिनलच मागव. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात. मात्र पॅड काढून उलटं करून बघितल्याशिवाय यातला एकही मानू नये, कारण वरचं कातडं खराब आहे, गम सुटलाय की खालचा पत्राच गेलाय, हे समोरून कळत नाही. पत्रा म्हणजे इथं लोखंड नव्हे, पॅडचा मूळ साचा. तो जुन्या गाड्यांत दाबलेल्या लाकडी भुश्शाचा, नव्यांत एबीएस किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकांचा असतो. भुश्शाचा साचा स्पीकरच्या भोवती आणि खालच्या कडेला पाणी पिऊन बिस्किटासारखा फुगतो, पॅड दाराला धरणाऱ्या क्लिपांची भोकं मोठी होतात, आणि मग वर कितीही भारी लेदर लावा, दार आपटलं की पॅड खुळखुळणारच.

रंगकाम सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त बदनाम. बदनामी अर्धी खरी. चिकट झालेलं प्लॅस्टिक बऱ्याचदा प्लॅस्टिक नसतंच. त्यावरचा मऊ स्पर्शाचा पॉलियुरेथेनचा लेप उष्णता आणि ओलाव्यानं विरघळत आलेला असतो. मर्सिडीजच्या पहिल्या एसएलकेच्या, म्हणजे आर१७० च्या, आतल्या रंगाचे पोपडे तर जगभर माहीत आहेत. असा लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पूर्ण उतरवायचा, प्लॅस्टिकला धरणारा प्रायमर द्यायचा आणि मग मॅट रंगाचे पातळ हात. चिकट थरावरच रंग मारला तर काही महिन्यांत नखानं निघतो. थिनरनं पुसायला मात्र कुणाला देऊ नका, एबीएस त्यानं वितळून पांढरट पडतं. आणि हे काम ऐन पावसाळ्यात नको. दमट हवेत लॅकर वाळताना धुरकट होतो. हँडल, बटणांची चौकट, कप्प्याचं झाकण अशा कडक भागांना रंग उत्तम. कोपर टेकायच्या मऊ भागाला तो तात्पुरता.

मढवणं हे खरं कोल्हापूरच्या हातातलं काम. मापात कापणं, शिलाई सरळ काढणं, कड आत दुमडून बसवणं, यात इथले कारागीर कमी नाहीत. घोळ होतो तो मालात. "साहेब, आपल्या चपलेच्या चामड्यात करूया की, नाद खुळा दिसंल!" हे ऐकायला झकास, पण ते चामडं झाडांच्या साली-फळांनी कमावलेलं, ताठ आणि जाड असतं. तळपायाखाली ते सुंदर वागतं, दरवाजाच्या वळणावर नाही. ताणलं जात नाही आणि पाणी लागलं की डाग धरतं. इथं हवं चारही बाजूंनी ताणणारं, गाडीसाठीच बनवलेलं रेक्झीन किंवा पातळ क्रोम-टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, लेदर. बाजारातलं सोफ्याचं रेक्झीन उन्हाला टिकत नाही.

दुसरा घोळ गमाचा. एप्रिलात उन्हात बंद उभ्या गाडीत काचेजवळचं पॅड हात लावता येणार नाही इतकं तापतं. साधं रबर सोल्युशन त्या उष्णतेत मऊ होतं आणि कव्हर सर्वांत आधी खोलगट भागातून उठतं, कारण तिथं ताण सतत वर ओढत असतो. म्हणून दोन गोष्टी विचारा: गम उष्णतेला टिकणारा आहे का, आणि खोलगट भागात शिवण घेणार की एकच तुकडा ओढून बसवणार? ओढून बसवलेला पहिल्या दिवशी जास्त देखणा दिसतो. पहिल्या दिवशीच.

तिसरी गोष्ट पैशाची नाही, जिवाची. काही स्पोर्ट्स कारमध्ये साइड एअरबॅग दरवाजातच असते. पोर्शे बॉक्सस्टर आणि केमनच्या ९८७ मालिकेत डोक्यासाठीची एअरबॅग दाराच्या वरच्या कडेतून उसळते. ती फाडून बाहेर पडावी म्हणून तिथलं आवरण मुद्दाम कमकुवत ठेवलेलं असतं. त्यावर नवं लेदर, वर कडक गम आणि दुहेरी टाके म्हणजे तिच्या वाटेत भिंत. एअरबॅगचा भाग मढवायचा नाही, विषय संपला. पॅड काढायच्या आधी बॅटरी सोडून काही मिनिटं थांबायचं, आणि मधल्या काळात कुतूहल म्हणून इग्निशन चालू करायचं नाही, नाहीतर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटून बसतो.

दुसरं पॅड आणायचं तर कंपनीचं नवं सर्वांत महाग, आणि जुन्या मॉडेलचा तुमचा रंग मिळेलच असं नाही. वापरलेलं पॅड परदेशातून मागवताना एक साधी गोष्ट हमखास निसटते: जर्मनी किंवा अमेरिकेतली गाडी डाव्या स्टिअरिंगची. तिच्या चालकाच्या दाराची बटणं डाव्या पॅडवर, आपली उजव्या. स्वस्त दिसणारं पॅड घरी येतं आणि बटणांचं भोकच जुळत नाही. ब्रिटन, जपान किंवा ऑस्ट्रेलियातलं बघा. पॅड वजनाला हलकं असलं तरी खोकं मोठं, आणि कुरियरवाले आकारमानावर पैसे लावतात. एअरबॅगसकट तर मागवूच नका. तो धोकादायक माल धरला जातो. शिवाय एकच बाजू बदलली तर तिचा रंग दुसऱ्या, उन्हानं उतरलेल्या बाजूशी जुळत नाही.

माझा कौल असा. साचा शाबूत असेल तर मूळ पॅड सोडू नका: वरचा भाग फक्त नव्या गमानं बसवा, कोपराची जागा आणि मधला तुकडा मढवा, कडक प्लॅस्टिक रंगवा. दोन्ही दारांना एकदमच, म्हणजे रंग जुळतो. साचा फुगला असेल आणि तो सपाट असेल, तर उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, तीन मिलिमीटरच्या एबीएस शीटमधून नवा कापून घेणं शक्य आहे. जुनं पॅड नमुना म्हणून द्या, क्लिपांच्या भोकांसकट. वळणदार साचा फुगला असेल तरच वापरलेल्या पॅडच्या मागं लागा. पुढं गाडी विकायचा विचार असेल तर लाल टाके, चौकटीचौकटीची शिलाई असले लाड टाळा; घेणारा मूळ रूपच शोधत येतो. आणि दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस सोडून द्या. तेव्हा राजघराण्याच्या जुन्या मेबॅक गाडीपासून शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांनाच नटायचं असतं, आणि तुमच्या पॅडचा गम सुकायला द्यायचा वेळ कारागिराकडं नसतो.

राहिला पडदा. पॅडच्या मागं, दाराच्या लोखंडाला चिकटवलेला प्लॅस्टिकचा किंवा फोमचा एक पडदा असतो. काचेवरून दारात उतरलेलं पाणी तो आतच अडवतो आणि खालच्या भोकांतून बाहेर जाऊ देतो. काही गाड्यांत धडक ओळखणारा सेन्सर दारातल्या हवेच्या दाबावर चालतो, तिथं तर तो पडदा घट्ट असणं आणखी गरजेचं. घाईत तो टराटरा फाडला जातो आणि परत लावलाच जात नाही. म्हणून भाव ठरवायच्या आधी विचारा, पडदा परत कशानं चिकटवणार? ब्यूटाइल टेप, म्हणजे पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी, असं उत्तर आलं तर गाडी तिथंच ठेवा. "सेलोटेप मारतो की" असं आलं, तर पुढच्या दुकानात.