मंगलाजोडीची संध्याकाळची नाव: सूर्यास्त पाचलाच होतो, हे आधी लक्षात घ्या

ओडिशातल्या चिल्का सरोवरातली बोट म्हटली की आपल्याकडच्या बहुतेकांच्या डोळ्यासमोर सातपाड्याची डॉल्फिनची फेरी येते. पुरीहून साधारण ५० किलोमीटर, इंजिनाची बोट, कान किटवणारा फटफटाट आणि परतताना हातात एक संशयास्पद मोती. इथे लिहितोय ते त्याच सरोवराच्या दुसऱ्या टोकाबद्दल. मंगलाजोडी हे उत्तर काठावरचं, खुर्दा जिल्ह्यात टांगीजवळचं गाव. भुवनेश्वरहून गाडीने सुमारे ७० किलोमीटर, दीड ते दोन तास. इथे पर्यटकांच्या नावेला इंजिन नसतं. सपाट बुडाची लांबट लाकडी नाव, मागे उभं राहून बांबू रेटणारा नावाडी, पुढे पक्षी दाखवणारा गाइड आणि मध्ये मोजकी माणसं. पक्षी बघायला जाणाऱ्याला चिल्कात एकच फेरी परवडत असेल तर ती हीच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र ‘सनसेट राइड’ या नावाला भुलून उशिरा पोहोचलात तर अर्धे पैसे पाण्यात.

मुंबई-पुण्याची माणसं नेमकी इथेच फसतात. आपल्याकडे डिसेंबरातही सूर्य सहाला मावळतो, म्हणून चारला नाव घेतली तरी चालेल असा हिशोब डोक्यात असतो. पण मंगलाजोडी मुंबईच्या साडेबारा रेखांश पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र तेच. डिसेंबरच्या मध्यावर तिथे पाच वाजून दहा मिनिटांच्या सुमारास सूर्य बुडतो, जानेवारीअखेर साडेपाचच्या आसपास. शिवाय बुडण्याआधीची वीस मिनिटं काठच्या धुरकट हवेत ऊन पार मेलेलं असतं. म्हणजे चारला बसलेल्याच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास चांगला प्रकाश. पावणेतीनला धक्क्यावर आणि तीनच्या आत नावेत, हे गणित पक्कं ठेवा. फेरी दोन-अडीच तासांची ठरवा, तासाभराची नको. पहिला अर्धा तास तर डोळे सरावण्यातच जातो.

मग सकाळीच का जाऊ नये? जावं, जमलं तर दोन्ही वेळा. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे दाट धुकं पडतं आणि कधी कधी आठ वाजेपर्यंत नावेच्या टोकापलीकडचं दिसत नाही. मुक्काम एकच असेल तर संध्याकाळ जास्त भरवशाची.

या काठावर पक्षी इतके का, हे थोडक्यात. चिल्काचं समुद्राकडचं तोंड इथून लांब आहे. दया, भार्गवी या महानदीच्या शाखा उत्तर भागात गोडं पाणी आणि गाळ आणून टाकतात, त्यामुळे हा भाग गोड्या पाण्याची उथळ दलदल झाला आहे. कुठे गुडघाभर पाणी, कुठे कमरेएवढं, मध्ये वेतासारख्या उंच गवताची बेटं आणि पाणकणीस. डॉल्फिन इथे शोधू नका, ते सातपाड्याच्या बाजूला, समुद्राशी जोडलेल्या पट्ट्यात असतात. थंडीत सगळं सरोवर मिळून वनखात्याच्या जानेवारीतल्या गणनेत दहा लाखांवर पक्षी भरले आहेत. चिल्का हे भारतातल्या पहिल्या दोन रामसर स्थळांपैकी, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांपैकी एक, १९८१ सालचं. दुसरं भरतपूर.

भिगवण-कुंभारगावच्या नावांची सवय असलेल्यांना फरक लगेच जाणवेल. उजनीचं पाणी मोकळं, पसरट. रोहित अंतर राखून असतात आणि नावाडी लांबून वळसा घालतो. मंगलाजोडीत पाण्याच्या गल्ल्या आहेत. दोन्ही बाजूंना गवत आणि गवताच्या कडेला, नावेपासून दहा-पंधरा फुटांवर, पक्षी आपापल्या कामात. इंजिन नाही, पाहुणा उभा राहत नाही आणि बांबू पाण्यातून निघताना आवाज होत नाही, म्हणून ते उडत नाहीत. नावाडी कसलेला आहे की नाही हे त्याच्या बांबूवरूनच ओळखावं. चांगला नावाडी बांबू गाळात टेकवतो, शरीराचा भार टाकतो आणि तो तिरका सरकवत मागे सोडतो; टोक पाण्याबाहेर येतच नाही. शिकाऊ असेल तर दर खेपेला टोक वर काढून थपकन आपटतो. तसं झालं तर ‘भाई, धीरे’ म्हणायला लाजू नका. हिंदी सगळ्यांना समजतं.

या नावाडी-गाइडांपैकी कित्येकांच्या घरांत पूर्वी पक्ष्यांची शिकार हाच धंदा होता. २००० साली गावात पक्षी संरक्षणाची समिती उभी राहिली आणि फासे टाकणारे हळूहळू गाइड झाले. २०१८ साली इथल्या पर्यटन प्रकल्पाला संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेचा पुरस्कारही मिळाला. पाहुण्याला याचा थेट फायदा होतो. पक्षी कुठे बसतो, कधी उठतो, वारा कुठून असला की कुठे दबा धरतो, हे या मंडळींना पुस्तक उघडण्याच्या आधीपासून माहीत आहे. जुना जाणता गाइड मिळणं थोडं नशिबावर आहे, तरी नोंदणी करताना ‘पक्षी ओळखणाराच हवा, नुसता फिरवणारा नको’ हे आधीच सांगून ठेवा.

आता प्रत्यक्ष काय दिसतं. हिवाळ्यातला खरा मानकरी काळ्या शेपटीचा पाणटिवळा, म्हणजे गॉडविट. हजारोंनी असतात. चिखलात चोच खुपसताना ती मुळापर्यंत जाते, डोकं पाण्याखाली, पाठ तेवढी वर, आणि शिवणयंत्राच्या सुईसारखं खालीवर चालू. जवळून बघितलं तर चोचीचा मुळाकडचा अर्धा भाग गुलाबी आणि टोक काळं दिसतं. दुर्बिणीशिवाय हे दिसण्याइतके ते जवळ असतात. जांभळी पाणकोंबडी पाहायची तर पाच मिनिटं एका जागी थांबा: गवताचा कोंब उपटते, पायाच्या लांब बोटांत मुठीसारखा धरते आणि सोलून आतला पांढरा गाभा खाते. लांब शेपटीचा कमळपक्षी दिसेल, पण त्याची ती लांब शेपटी पावसाळ्यातल्या विणीपुरतीच, हिवाळ्यात नसते. गाइडने चुकीचं नाव सांगितलं असं वाटून वाद घालू नका. तलवार बदक, थापट्या, भुवई बदक, चक्रवाक, मोर शराटी, मुग्धबलाक, शेकाट्या, सुरय, खंड्या हे तर धरूनच चाला. गवताच्या मुळाशी दबून चालणाऱ्या क्रेकसाठी मात्र चिकाटी लागते.

साडेचारनंतर सगळा नूर बदलतो. दिवसभर पाण्यावर डुलक्या काढणारी बदकं अस्वस्थ व्हायला लागतात. अडई शिट्ट्या घालत भाताच्या शेतांकडे निघतात, कारण त्यांचं चरणं रात्रीचं. मधूनच सगळा थवा एकदम उठला तर आकाशात बघा. बहुतेक वेळा दलदलीवरचा भोवत्या, म्हणजे मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी, गवताला घासून येत असतो. गॉडविटांचा थवा वळतो तेव्हा पंखावरची पांढरी पट्टी आणि काळी शेपटी एकदम चमकते. सूर्यास्ताच्या फेरीचा खरा माल हा आहे. लाल गोळा कुठेही दिसतो.

काही नावाडी पाहुणे खूश व्हावेत म्हणून नाव थव्यात घालून पक्षी उठवतात. हे सरळ नको म्हणा. एकदा उठलेला थवा सगळ्या गल्लीतले पक्षी घेऊन जातो आणि पुढचा तास रिकामा. भोवत्या ते काम फुकटात आणि दोन-तीनदा करतोच.

बसण्याबद्दल. नावेत चार जण बसतात म्हणून चार घेऊ नका. कॅमेरेवाले असाल तर दोन, फार तर तीन. भाडं साधारणपणे माणशी नसून बोटीमागे असतं, तेव्हा दोघांनी घेतली तर खर्च वाढतो हे खरं. पण चौथा माणूस बसला की नाव जड होते, उथळ गल्लीत घुसत नाही आणि कुणीतरी कायम कुणाच्या तरी फ्रेममध्ये असतं. खुर्च्या ठेवलेल्या असतील तर काढायला सांगा आणि तळाला मांडी घालून बसा. उंची कमी झाली की पक्षी डोळ्याच्या पातळीवर येतो आणि नाव कमी डुलते. छत असलेली नाव उन्हात सुखाची, पण डोक्यावरून जाणारा प्रत्येक थवा छत खातं. टोपी घाला, छत नको.

प्रकाशाची दिशा गाइडवर सोडू नका, निघतानाच ठरवून घ्या. आधी नाव पश्चिमेच्या बाजूला न्यायची आणि तिथून पूर्वेकडे बघायचं, म्हणजे ऊन पाठीशी राहतं आणि रंग दिसतात. शेवटच्या अर्ध्या तासात उलटं करायचं, सूर्य समोर आणि पक्षी काळ्या आकृतीत. हे न सांगता निघालात तर परतीची सगळी वाट उन्हाकडे तोंड करून जाते आणि फोटोत नुसत्या सावल्या येतात.

दुर्बीण ८×४२ पुरे. १० पटीची हलत्या नावेत थरथरते. ट्रायपॉड हॉटेलवर ठेवा. ३०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स बहुतेक कामाला येते, ६०० असेल तर जवळचा पक्षी फ्रेममध्ये मावत नाही अशी उलटी तक्रार होते. उडणाऱ्या पक्ष्याला शटर १/२००० पर्यंत ठेवा, साडेचारनंतर ते १/१००० वर आणून आयएसओ वाढवा. लेन्स बदलायची वेळ येऊ देऊ नका. नावेत चिखलाचे शिंतोडे असतात.

आता तक्रारी. पहिली मुख्य कालव्याबद्दल. धक्क्यापासून सरोवराकडे जाणाऱ्या या वाटेवर मच्छीमारांच्या डिझेल बोटी ये-जा करतात आणि संध्याकाळी त्यांची वर्दळ असते. ते त्यांचं पोटापाण्याचं काम आहे, हरकत घेण्यासारखं काही नाही; पण तुमच्या गाइडने वेळ काढण्यासाठी त्याच कालव्यात रेंगाळू नये. दहा मिनिटांत बाजूच्या गल्लीत शिरला नाही तर विचारा. दुसरी पाण्याबद्दल. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून पाणी उतरतं, नाव गाळात रुतते आणि नावाड्याला उतरून ढकलावी लागते. त्यात गंमत वाटत असली तरी पक्षी उठतात आणि वेळ जातो. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. तिसरी, लाइफ जॅकेट. पाणी उथळ आहे म्हणून ते द्यायला किंवा घालायला टाळाटाळ होते. पाणी कमरेएवढं असलं तरी खालचा गाळ पाय सोडत नाही. मागून घ्या आणि बंद लावून बसा. चौथी, नावेत किंवा वाटेत स्वच्छतागृह नाही. अडीच तासांचा विचार करून चहा प्या.

कपडे मातकट, हिरवट. पांढरा शर्ट आणि लाल जॅकेट नको. ऊन गेलं की गारठा एकदम लागतो आणि डास त्याच्यासोबत येतात, म्हणून पूर्ण बाह्या. मोबाइल सायलेंटवर ठेवा आणि फ्लॅश बंद करा.

फिशिंग कॅट, म्हणजे मासे पकडणारं रानमांजर, दिसेल का, असं बरेच जण विचारतात. चिल्कात ती आहे, २०२२ साली जाहीर झालेल्या गणनेत १७६ धरल्या गेल्या, पण तिचा वावर रात्रीचा. ‘संध्याकाळी हमखास दाखवतो’ म्हणणाऱ्याकडून नाव घेऊ नका.

सातपाडा जोडून करणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. तिथला इरावडी डॉल्फिन उड्या मारत नाही. चोच नसलेलं गोल डोकं आणि राखाडी पाठ सेकंदभर वर येते, बस. बोटवाल्याला पाठलाग करू देऊ नका, इंजिन बंद करून थांबायला सांगा, म्हणजे जास्त वेळा दिसतात. आणि वाटेतल्या वाळूच्या बेटावर तुमच्यासमोर शिंपला फोडून मोती काढून दाखवणारे भेटतील. तो मोती शिंपल्यात आधीच घातलेला असतो. घेऊ नका.

मंगलाजोडीला उतरल्यावर धक्क्यापासून गावापर्यंतची वाट कच्च्या बांधावरून आहे, दोन्ही बाजूंना पाणी आणि दिवे नाहीत. गाडीवाल्याला धक्क्यापर्यंत यायला आधीच सांगून ठेवा, हेडलाइट खाली ठेवायलाही सांगा, आणि खिशात एक छोटी बॅटरी असू द्या. तीही नावेतून उतरल्यावरच लावायची.