कडक भाकरी आणि कानाचं मशीन : नऊ महिन्यांनंतर

सोलापुरात अक्कलकोट रोडला 31 वर्षं माग चालवला, कान जाणारच होते. तपासणीच्या आलेखात रेघ 1000 हर्ट्झपर्यंत, म्हणजे जाड आवाजांना बरी, 4000 ला, म्हणजे बारीक आवाजांना विहिरीत उतरल्यासारखी. ऑडिओलॉजिस्ट ताईंनी विचारलं, "काका, आवाज येतो पण शब्द कळत नाही, असं होतं ना?" अगदी तेच. सून 'साखर संपली' म्हणायची, मला 'आखर अंपली'.

त्यांनी कानामागचं घ्या म्हटलं. मला कुणाला दिसू नये असं हवं होतं, म्हणून दुसऱ्या दुकानातून पूर्ण आत बसणारं घेतलं. बायको म्हणाली, चष्म्याची लाज वाटत नाही ती याची कशी? मी ऐकलं नाही. (तेव्हा खरंच ऐकू आलं नसेल.)

पहिल्याच दुपारी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन बसलो. घास चावला तर डोक्यात खडी फुटायला लागली. बोलायला तोंड उघडलं तर रांजणात बसून बोलतोय असं वाटायचं. जाड आवाज मला अजून नीट ऐकू येतात. अशा कानाला बूच मारलं की आपलाच आवाज आत कोंडतो, हे मागाहून कळलं. त्यात 10 नंबरची बॅटरी, तुरीच्या डाळीएवढी. तुटलेला धागा न बघता सांधणारी माझी बोटं तिच्यापुढे हरली. दोन महिन्यांत मळ अडकून मशीन मुकं झालं. दुकानदाराने परत घेतलं नाही.

मग मुकाट्याने ताईंकडे. आताचं यंत्र कानामागे बसतं, बारीक वायरीने स्पीकर कानात जातो, त्यावर भोकं असलेली मऊ टोपी, म्हणजे ओपन डोम. दोन्ही कानांना घेतलं. भाकरी आता भाकरीसारखी वाजते. 312 नंबरची बॅटरी आठवडाभर जाते. स्टिकर काढून मिनिटभर हवेवर ठेवायची, मग लावायची. स्टिकर एकदा निघाला की न वापरताही ती उतरत जाते. नातवाने एका पाकिटातले सहाच्या सहा स्टिकर काढून पाटीवर चिकटवले होते!

पहिले तीन आठवडे पंखा, नळ, प्लास्टिकची पिशवी, सगळं अंगावर यायचं. ताईंनी आवाज तीन फेऱ्यांत हळूहळू चढवला, म्हणून टिकलो.

उणं काय? गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर गर्दीचा प्रोग्रॅम लावूनही पाळण्याजवळ काही कळेना, बायकोच्या तोंडाकडे बघूनच बोलणं चाललं. मे महिन्यात घामाने एकदा खरखर सुरू झाली. तेव्हापासून रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवतो. गाडीवर वाऱ्याचा घोंगावही येतो.

शेजारच्या अण्णांना माझ्यासारखंच हवं होतं. पण त्यांची रेघ सगळीकडेच 80 डेसिबलच्या खाली गेलेली, म्हणजे ऐकू फारच कमी. तेवढा आवाज चढवला की ओपन डोममधून निसटतो आणि शिट्टी वाजते. त्यांना मापाच्या साच्याचं, कानामागचं मोठं यंत्र लागलं. दाखवायला मीच घेऊन गेलो होतो, खिशात कडक भाकरीचा तुकडा ठेवून. अण्णांना दात नाहीत, हे तिथे गेल्यावर आठवलं.